बाई गप्प, आपण दगड

माझी नणंद शाळेत इंग्रजी शिकवायची. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. चाळिशी उलटली तरी बाईसाहेबांचा पाय एका जागी ठरायचा नाही. कांदा चिरतानासुद्धा स्वयंपाकघरात चार फेऱ्या. मी म्हणायचे, "अगं बस जरा, कांद्याला चक्कर आली." की लगेच, "तुम्ही बसा वहिनी. तुमचा बसण्याचा अनुभव दांडगा आहे." जीभ माझ्यापेक्षा धारदार, आणि हे मी कबूल करतेय म्हणजे बघा.

लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "रोज चाळीस पोरं सांभाळते, त्यात आणखी एक कशाला?"

ही चाळीस पोरं म्हणजे सहावीचा वर्ग. कॅन, मस्ट, शुड, मे हा धडा बाकीचे मास्तर फळ्यावर लिहितात, पोरं घोकतात, परीक्षा झाली की विसरतात. आमची भिंगरी बाक भिंतीला सरकवायची आणि वर्गाच्या चार कोपऱ्यांत एकेक शब्द लिहिलेले चार पुठ्ठे लावायची. मग मधोमध उभी राहून ओरडायची, "माझी दाढ दुखतेय!" की निम्मा वर्ग धावला शुडच्या कोपऱ्यात, "यू शुड गो टू द डॉक्टर!" "लाल दिवा लागला!" की मस्टकडे झुंबड. एकदा "माझी वहिनी गाते" असं ओरडली, तर सगळे एका दमात कॅनच्या कोपऱ्यातून बाहेर पडले म्हणे. हे तिनेच घरी येऊन सांगितलं, वर मलाच टाळी मागितली.

मुख्याध्यापकांची खोली बरोबर खाली. ते वर येऊन म्हणायचे, "बाई, वर्ग आहे की तबेला?"

"तबेलाच सर. पण घोडी सगळी पास होतात."

आता एवढी पोरं आवरायची कशी? छडी तिने कधी हातात धरली नाही. तिचा एकच कायदा होता. बाई गप्प, आपण दगड. ती बोलता बोलता मध्येच थांबली की असेल तिथे, असेल तसं थिजायचं. हलला तो बाद. बाईंनी पुन्हा तोंड उघडेपर्यंत सुटका नाही. आणि ही महामाया त्यांना हसवायला काय काय करायची! खुर्चीत मुरगळून पडायची, तोंड वाकडं करायची, डोळा मिटायची. पोरं हसू दाबून लालबुंद, पण हलायची नाहीत. वर्गात एक चुणचुणीत मुलगी होती, वर्गप्रमुख. बाई तिला हवालदार म्हणायच्या. कुणाची पापणी हलली तरी तिला दिसायची.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. बाई कोपऱ्यांच्या मध्ये उभ्या, वाक्य अर्धं झालं आणि थांबल्या. खुर्चीला धरून खाली बसल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. चाळीस पोरं दगड झाली. कुणीतरी चुळबुळलं तर हवालदार ओठ न हलवता फुसफुसली, "हलू नका रे, बाई बघतायत!"

पंचवीस मिनिटं. घंटा झाली, पुढच्या तासाचे मास्तर दारात आले तेव्हाही पोरं तशीच उभी होती. एकाचा एक पाय वर होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गुठळी. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. "जरा लवकर आणलं असतं तर…" एवढं बोलून ते दुसऱ्या खाटेकडे वळले.

आता माझा पराक्रम ऐका. मी तिची पिशवी आणायला शाळेत गेले. व्हरांड्यात दोन बाया भेटल्या, आणि माझ्या जिभेला हाड कुठलं? म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर बोलली असती हो आमची पोर." मागे वळले तर हवालदार उभी. हातात बाईंची पाण्याची बाटली. तिने बाटली माझ्याकडे दिली आणि गेली. तेवढंच.

दोन महिन्यांनी मुख्याध्यापक घरी आले. म्हणाले, "तबेला बंद पडलाय. खेळायच्या सुट्टीतसुद्धा पोरं बाकावरून उठत नाहीत. ती वर्गप्रमुख तर कुणाशी बोलतच नाही." मग मला सांगावंच लागलं, व्हरांड्यात मी काय बरळले ते. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती भिंतीला धरून उठली आणि डाव्या हाताने चपला ओढायला लागली.

"आत्ता कुठे? अजून चालता येत नाही धड. मी सांगते जाऊन त्यांना."

ऐकते कसली! दुसऱ्या दिवशी रिक्षातून नेली. वर्गात शिरलो. पोरं उभी राहिली आणि तशीच राहिली. मी बोलले. बाई बऱ्या आहेत, तुमची काही चूक नाही, तुम्हाला काय माहीत, सगळं बोलले. चाळीस डोकी खाली. माझ्याकडे कोण बघतंय? मग हवालदार पुढे आली. बाईंच्या अगदी समोर.

"बाई, मी त्यांना हलू दिलं नाही. माझ्यामुळे झालं ना?"

भिंगरीचं तोंड थरथरलं. कपाळाची शीर फुगली. सगळा जीव गोळा करून ती म्हणाली, "हो."

त्या आजारात असं होतं. मनात एक असतं, तोंडातून दुसरंच निघतं. मी ओरडले, "अगं, तिला नाही म्हणायचंय!" भिंगरी मान हलवतेय, पोरीचं मनगट धरतेय, आणि तोंडातून पुन्हा, "हो. हो." पोरीने मनगट सोडवून घेतलं नाही. फक्त म्हणाली, "बरं, बाई."

घरी आल्यावर ती तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवसापासून आरशासमोर बसायला लागली. जिभेचे व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, आधी पाणी, चहा असले सोपे शब्द घेऊ. ही ऐकेना. एकच शब्द. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी खूप चिडवलं, "माझ्या प्रत्येक बोलण्याला नाही म्हणायचीस जन्मभर, आणि आता तोच अडला?" हसायची बिचारी, अर्ध्या तोंडाने.

सात महिने लागले. एका सकाळी मी औषध पुढे केलं तर म्हणाली, "नाही." स्वच्छ. औषधाचा पेला माझ्या हातातून पडला. तिने फोनकडे बोट दाखवलं.

तोवर हवालदार दुसऱ्या शाळेत गेली होती. तिथले बाक हलत नाहीत म्हणे. नंबर मिळवला, तिच्या आईने फोन तिच्याकडे दिला, मी भिंगरीच्या कानाला लावला.

"नाही," भिंगरी म्हणाली. "नाही. नाही."

"बाई? तुम्ही बोलताय?" पोरीचा आवाज एकदम उजळला. मग थांबली. "काय नाही, बाई?"

भिंगरीजवळ दुसरा शब्द नव्हता. मी फोन ओढून घेतला. "अगं, तू वर्गात विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर आहे ते! तुझ्यामुळे नाही झालं!"

पलीकडून अगदी शहाण्या मुलीसारखं, "हो काकू. तुम्ही सांगितलं होतं मला. तेव्हाच."

फोन ठेवला तरी भिंगरी तोच एक शब्द म्हणत होती.