सिलिंडरचा घाम

आमच्या मिस्त्रींनी दुरुस्त केलेला हायड्रॉलिक सिलिंडर चाळीस वर्षांत एकदाही गळला नाही. त्याला फक्त घाम आला. दांड्यावरून तेल ओघळून खाली थारोळं साचलं, की मिस्त्री शांतपणे हात पुसत सांगत, "राबणाऱ्याला घाम यायचाच."

एवढ्या घामाघूम गिऱ्हाइकांपैकी आता एकच उरलं होतं. ते म्हणजे विहीणबाईंचं खोदकामाचं जुनं यंत्र, बॅकहो. विहीणबाई म्हणजे मिस्त्रींच्या लेकीच्या सासूबाई. यंत्र त्या स्वतः चालवत. त्याचा मागचा लांब हात उचलून ठेवला, की चहा निवेपर्यंत तो हळूहळू जमिनीला टेकायचा. शेवटी त्यांनी भंगारवाल्याचा ट्रक दारात आणून उभा केला आणि मगच व्याह्यांना निरोप धाडला.

"जेवणापासून चहापर्यंत हात वर राहिला तर यंत्र राहील," त्या म्हणाल्या. "नाहीतर ट्रक आहेच."

यंत्र गेलं असतं, तर मिस्त्रींच्या शेडमध्ये पाखरांखेरीज कुणी फिरकलं नसतं.

मिस्त्री दाढ काढून थेट आले होते. अर्धं तोंड बधिर, गाल टम्म. बढाई तेवढी शाबूत. त्यांनी पिन ठोकून काढली, तेलाच्या दाबाने हात उचलणारा सिलिंडर उतरवला, दांडा ओढला, जुनं सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, उचकटलं. नव्या सीलला एका बाजूने पातळ ओठ असतो आणि तो तेलाकडेच हवा. इतर माणसं तो डोळ्यांनी बघतात. मिस्त्रींच्या मते चष्मा शिकाऊंनी लावायचा. ते सील स्वतःच्या ओठांवरून फिरवत. "ओठाची भाषा ओठाला कळते," म्हणत.

त्या दिवशीही त्यांनी ते मोठ्या थाटात फिरवलं. कळलं काहीच नाही. पण चाळीस वर्षांच्या अनुभवाने कुणाला विचारायचं? दिलं बसवून.

सिलिंडर चढवला, यंत्राचा हात वर गेला. मिस्त्रींनी आपला जेवणाचा डबा हाताच्या टोकाच्या बकेटखाली वीतभर अंतरावर ठेवला. "डबा चेपला, तर खुशाल भंगारात घाला."

"डब्यात जेवण आहे ना?"

"आहे. दाढ काढलीय, म्हणून जेवलो नाही."

"मग डबा आणि यंत्र, दोन्ही आज संपणार म्हणायचं."

दोघं बाकावर बसली. बकेट एखाद्या पाहुण्याच्या सावकाशीने खाली येत राहिली. दांड्यावर तेलाची धार लागली.

"घाम का हो, व्याही?"

मिस्त्रींच्या तोंडाचा मघाचा बधिरपणा उतरला होता, ओठ ठसठसत होता. त्यांनी नकळत त्यावरून बोट फिरवलं, आणि तिथेच थबकले: सील फिरवलं तेव्हा हाच ओठ बधिर होता.

डब्याचं झाकण कुरकुरत आत गेलं. भंगारवाला उठून साखळ्या सोडू लागला.

"गळतोय," मिस्त्री म्हणाले.

"काय म्हणालात?"

"गळतोय, विहीणबाई. सील उलटं बसलंय. मी बसवलंय."

विहीणबाई बाकावरून उठल्या. मग भंगारवाल्याला म्हणाल्या, "आज जा तू. चाळीस वर्षांनी रोग सापडलाय, औषध तरी करू दे."

मिस्त्रींनी पान्हा उचलला, दोन पावलं गेले, परत आले.

"जरा तुमचा चष्मा द्या."

त्यांनी पदराने काचा पुसून तो हातात ठेवला. "सांभाळून हं. नाकाला घाम येतो त्याने."