वल्ह्याच्या होडीची परवानगी

कालव्याच्या भरावावरून अर्धी वाट सरली तरी औशाच्या गाडीचा फाटा काही दिसेना. पुढं गौरम्मा, मागं तिची शेजारीण शिवकांता. धरणाच्या ऑफिसातून दोघी पुन्हा एकदा रिकाम्या हातानं निघाल्या होत्या आणि गौरम्माचं तोंड तिच्या पायांपेक्षा जोरात चालत होतं.

"इंजिन नंबर लिहा म्हणतो! वल्ह्याच्या होडीला इंजिन कुठून आणू मी? माझ्याच पाठीवर नंबर टाकून घेऊ का?"

"हळू बोला, अक्का. उसाच्या फडातल्या बाया बघायल्यात."

"बघू दे. त्यांना तरी कळू दे."

औशाच्या पेठेत गौरम्माचं किराणा दुकान होतं. नवऱ्यामागं तिनं ते एकटीनं चालवलं. बोलायची मराठीत, तराजू धरला की मोजायची कन्नडात. तिचं माहेर नदीकाठचं. वडिलांची टरबुजाची वाडी पल्याड होती, आणि पोरवयात ती गूळ कढवायच्या मोठ्या काहिलीत बसून, वल्हं मारत तिकडं जायची. लग्न झालं आणि वल्हं सुटलं. आता पाडव्याला लेक, राजशेखर, तिला कायमची पुण्याला नेणार होता. दुकान विकून झालं होतं. जाण्याआधी तिला एकच हवं होतं. धरणाच्या भिंतीपासून पार वर, नदी येऊन मिळते तिथवर, स्वतः वल्हं मारत जायचं आणि वाटेत दोन रात्री काठावर झोपायचं. त्यातही घाई होती. शेतीला उन्हाळी पाळीचं पाणी सोडलं की धरण उतरतं, वरच्या अंगाला नुसता गाळ उरतो, तिथं होडी जात नाही.

तयारी कधीच झाली होती. मच्छीमार दगडोबानं दोन माणसांची फायबरची होडी द्यायचं कबूल केलं होतं. ताडपत्री होती, मच्छरदाणी होती, धपाटे नि शेंगाची चटणी ऐनवेळी करायची. अडलं ते परवानगीपाशी. पाणी एका खात्याचं, काठ दुसऱ्याचा आणि रात्र पोलिसांची.

त्यात पहिलाच अर्ज भलतीकडं गेला होता. तो शिवकांतानं लिहिला, कारण गौरम्माची शाळा कन्नड. काठावर काय करणार, असं विचारल्यावर अक्का म्हणाली होती, "सकाळी लिंगपूजा. मग बाकीचं." गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नसे. देवाचं नाव आधी आलं तर काम अडायचं नाही, असं शिवकांताच्या मनानं घेतलं आणि तिनं ठळक अक्षरात लिहिलं, 'पूजेसाठी मुक्काम'. झालं! अर्ज धार्मिक कार्यक्रमांच्या टेबलावर. भाविक किती येणार? मंडप केवढा? भोंगा लावणार का?

"भाविक मी एकटी," गौरम्मानं तिथंच सुनावलं होतं. "आन् भोंग्याची गरज हाय असं वाटतं का तुम्हाला?"

तो कागद परत मिळवण्यात अख्खा पौष गेला. 'तुझंच नाव लिहिलं होतं ना रे,' असं शिवकांता दर सोमवारी महादेवाला पिंडीवर पाणी घालता घालता ऐकवायची.

आज ती झेरॉक्स काढायला बाहेर गेली, तेवढ्यात साहेब काय बोलले ते अक्कानं अजून सांगितलं नव्हतं. एका लिंबाखाली दोघी टेकल्या.

"शेवटी म्हणाले तरी काय, अक्का?"

"देतो म्हणाले."

"देतो? मग मघापासून त्या इंजिनाला शिव्या कशाला?"

"एकटीला देत न्हाईत. दोघं पाहिजेत. आन् दोघांला पोहता येतं असं ज्याचं त्यानं लिहून द्यायचं."

"राजशेखरला बोलवा."

"तो आल्यावर मला वल्ह्याला हात लावू देतोय होय? 'आई, तू बस.' दगडोबाचं तेच. बसून जायला मी काय पाहुणी हाय?"

शिवकांताला पोहता येत नव्हतं. नांदेडला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेली तरी पायरीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घेणारी ती.

"मी येते," ती चाचरत म्हणाली. "पोहता येतं म्हणून लिहूनही देते. कोण बघायला येतंय?"

"लिंग गळ्यात घालून मी तुला खोटं लिहायला लावू?" गौरम्मा उसळली. मग पदरानं मान पुसत तिनं आवाज जरा खाली आणला. "दुकान रिकामं करताना तेलाचा एक डबा बाजूला ठेवलाय. तोंड झाळून आणलंय, पाण्याचा थेंब आत जायचा न्हाई. माणिकप्पा त्याच्या मळ्यातल्या विहिरीत उतरू देतो म्हणालाय. डबा तुझ्या पाठीला बांधते, वरनं दोर मी धरते. एवढं कर माझ्यासाठी, शिवकांता. उद्यापासून पोहायला शीक."