कोणती होडी पुसू?

वहिनी गेल्याचं मला होटगी स्टेशनात कळलं. तिकिटाच्या खिडकीत ड्यूटीवर होतो, फोन वाजला. पलीकडे पुतण्या सुधीर. “काका, आई गेली.” तेवढ्यात खिडकीतून हात आत आला, “अक्कलकोट रोड, दोन.” मी दोन तिकिटं दिली... सुट्टे पैसेही दिले. त्याला महिना उलटून गेला. भेटायला येणारा जो तो म्हणतो, तुमच्या शालनवहिनी फार सोशिक हो! सोशिक? डोंबल! त्या अजिबात सोशिक नव्हत्या, आणि हे कुणीतरी लिहायलाच हवं म्हणून लिहितोय.

माझ्या थोरल्या भावाचा, दादांचा, सोलापुरात फोटो स्टुडिओ होता. दादा फोटो काढायचे आणि वहिनी मागच्या खोलीत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायच्या. दाखवायच्या मुलींचे फोटो यायचे. कुणाच्या गालावर देवीचे वण, कुणाच्या कपाळावर भाजल्याचा डाग. वहिनींची पेन्सिल फिरली की सगळं गुळगुळीत! किती जणींची लग्नं त्या पेन्सिलीनं जमवली, देव जाणे. पण फोटोमागचा शिक्का दादांच्या नावाचा. दादा वारले, कॅमेरा वहिनींनी हातात घेतला, तरी शिक्का तोच राहिला. बाईचं नाव बघून गिऱ्हाईक बिचकतं, असं आम्हीच त्यांना सांगितलं. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कोकणातल्या एका बंदरगावी लग्नाची ऑर्डर मिळाली. सोबत मी गेलो. दुपारी जेवणावळ चालू असताना समुद्रावरून वादळ उठलं. काळा ढग या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा, खाली पाणी शिशासारखं... मांडव सोडून माणसं घरात पळाली आणि वहिनी पदर खोचून धक्क्याकडे! एका फोटोत तो ढग मावेना, म्हणून कॅमेरा स्टँडवर थोडा थोडा वळवत त्या एकेक फोटो घ्यायला लागल्या. “भावजी, स्टँड उडाला तर तुमी बी उडा, पण सोडू नका!” तिसऱ्या फोटोनंतर वाऱ्यानं आम्हाला स्टँडसकट लोळवलंच. परत उभं राहून उरलेले दोन काढेपर्यंत, पहिल्या फोटोत पार लांब दिसणारी एक शिडाची होडी धक्क्याला येऊन लागली होती, ती शेवटच्या फोटोतही आली. आतली माणसं उतरून वाळूवर मटकन बसली. वहिनी भिजत तिथंच उभ्या राहिल्या आणि रडल्या. मी दुसरीकडे बघितलं.

सोलापुरात येऊन त्यांनी पाच फोटो शेजारी शेजारी चिकटवले. हातभर लांब वादळ! मी आमच्या कॅमेरा क्लबात ते नेलं. क्लबाच्या प्रदर्शनात लागलं असतं तर वहिनींचं नाव पहिल्यांदा फोटोखाली आलं असतं, आणि त्यांना ते हवं होतं. कधी बोलल्या नाहीत, पण नावाची चिठ्ठी त्यांनी स्वतः तीनदा लिहून बघितली होती. अध्यक्ष म्हणाले, “सुंदर आहे, पण एकच होडी दोनदा कशी? चूक आहे ही. एक पुसून आणा, मधोमध लावतो.”

हा निरोप मी वहिनींना दिला. मी! ज्यानं ती होडी येताना डोळ्यांनी बघितली होती! “दहा मिनटांचं काम हाय तुमचं, वहिनी,” असंही वर म्हणालो.

त्या उठल्या, फोटो माझ्यासमोर ठेवला. “कोणती पुसू, सांगा की. लांबची पुसली तर तिच्यावर संकट आलंच न्हाय. जवळची पुसली तर ती पोचलीच न्हाय. जन्मभर लोकांच्या सांगण्यावरनं पुसत आले, भावजी. हे न्हाय पुसणार. जावा, सांगा तुमच्या अध्यक्षांना.”

प्रदर्शन झालं, त्यांच्या नावाशिवाय. वहिनींनी मग स्टुडिओच्या रस्त्यावरच्या काचेतले नवरीमुलींचे सगळे फोटो उतरवले आणि तिथं ते वादळ लावलं. खाली नाव, शालन, ठळक. एमआयडीसीतून सुटलेले कामगार सायकली टेकवून बघत उभे राहायचे. एक जण डोकं खाजवत बराच वेळ बघत होता. “ही हितं लांब हाय... आन् ही तितं धक्क्याला. पोचली म्हना की!” आतून वहिनी ओरडल्या, “व्हय बाबा, पोचली!” आमच्या क्लबातल्या एकाही शहाण्याला जे दिसलं नव्हतं, ते त्याला दिसलं. मी त्या महिन्यात क्लब सोडला, पण वहिनींची माफी काही मागितली नाही. राहिलीच ती...

परवा सुधीरनं भिंतीवर लावायला आईचा फोटो मोठा करून आणला. नात्यातल्या बायका म्हणाल्या, किती गोड दिसतायत! मी बघतच राहिलो. वहिनींना लहानपणी देवी आल्या होत्या, दोन्ही गाल वणांनी भरलेले. दुसऱ्यांचे हजार पुसले, स्वतःच्या निगेटिव्हला त्यांनी पेन्सिल कधी लावली नाही. या फोटोवाल्यानं भलेपणानं सगळे वण पुसून टाकले होते. मी भिंतीवरून फ्रेम उतरवली. सुधीर म्हणाला, “काका, असू दे की, चांगलंच दिसतंय.” म्हटलं, “चांगलं दिसतंय रे, पण ही तुझी आई न्हाय.” तसाच सायकल मारत गेलो आणि दुसरा फोटो करून घेईपर्यंत त्या दुकानात ठाण मांडून बसलो.

आता वहिनी भिंतीवर आहेत, सगळ्या वणांसकट. कुणाला बघवत नसेल त्यानं दाराबाहेरूनच नमस्कार करावा.