इन्स्पेक्टरबाईंची खोली

बेघर बायकांच्या निवाऱ्यात सगळ्याजणी तिला इन्स्पेक्टरबाई म्हणायच्या. नवरा गेल्यावर दिराने घराबाहेर काढलं, तेव्हापासून दोन वर्षं ती बसस्थानकाच्या बाकावर झोपत होती. पण निवाऱ्यात पाऊल ठेवलं आणि तिने गादीपासून बादलीपर्यंत सगळ्यात खोट काढायला सुरुवात केली.

इथे सहा महिने राहायचं, काम धरायचं आणि मग स्वतःची खोली बघायची, असा नियम होता. एका दवाखान्यात चादरींना इस्त्री करायचं काम तिला लगेच मिळालं. खोली मात्र पसंत पडेना.

निवाऱ्याच्या ताई तिला घेऊन वणवण फिरल्या. एका खोलीचा नळ गळत होता, दुसरीची खिडकी गटारावर उघडत होती. तिसरीत काहीच वाईट सापडेना, तेव्हा "घरमालक फार हसतो," म्हणून बाईंनी नाक मुरडलं.

ताईंनी हात जोडले. "मावशी, बाकावर कुठला नळ होता हो?"

"तेव्हा पसंत आहे का, असं कुणी विचारलं होतं मला?"

ताईंनी पिशवीतून चौथ्या खोलीचा पत्ता काढला.

चौथ्या खोलीत ती एकटीच शिरली आणि तिने दार लावून घेतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ताईंनी घाबरून दार वाजवलं. "मावशी, बऱ्या आहात ना?"

"आहे गं. आतून कडी लावून बसून बघतेय जरा."

दार उघडलं तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"भिंतींचा रंग अगदीच भयंकर आहे," ती म्हणाली. "पण घेऊ या हीच."