गेटवर आवाज चढला नाही

माझा थोरला भाऊ, अण्णा, पुढारी तयार करतो. निवडणुकीतले नव्हेत, कंपनीतले. मॅनेजर, सुपरवायझर, मालकांची बाहेरून शिकून आलेली मुलं यांना हॉटेलच्या हॉलमध्ये बसवून नेतृत्व म्हणजे काय ते सांगायचं, हा त्याचा व्यवसाय. बंगळूरला इंग्रजीत, हुबळीला कन्नडमध्ये, पुण्याला निम्मं हिंदीत. त्याची पुस्तकं विमानतळावर मिळतात. बेळगावजवळच्या आमच्या उचगावात मिळत नाहीत, आणि मिळाली तरी इंग्रजीतली ती पुस्तकं वाचणार कोण?

मी हस्तपत्रकं लिहिते, ठेकेदाराकडच्या कामगारांसाठी. एका पानात मावलं पाहिजे आणि घाईत गेटमधून आत शिरणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे. माझं लिहिण्याचं शिक्षण एवढंच.

अण्णाचा धंदा मला कधी पटला नाही, पण खोटाही वाटला नाही. कारण त्याचा एक नियम होता. वाईट गोष्ट पहिल्या वाक्यात सांगायची. समोरच्याच्या शेजारी बसा, पाणी द्या आणि सांगून टाका. घोळवत बसू नका. माणसाला अंदाज करायला लावणं हा त्याचा अपमान आहे, असं तो म्हणायचा. त्याचं पहिलं पुस्तक या एका नियमावर चाललं.

मग आमच्याच बेळगावातल्या एका फौंड्रीनं, लोखंड ओतणाऱ्या कारखान्यानं, त्याला बोलावलं. त्याची पहिली नोकरी तिथलीच. डिप्लोमा झाल्यावर शेजारच्या मामांनी त्याला तिथं चिकटवलं होतं. मामा आमच्या रक्ताचे नव्हेत, घराला घर लागून आहे म्हणून मामा. अण्णा तिथून वर गेला, मग बाहेर पडला, मोठा झाला. मामा मोल्डिंगलाच राहिले. काळी वाळू साच्यात ठोकून बसवायची, हेच त्यांचं काम. पुढं त्यांना कायम कामगारांतून ठेकेदाराकडं ढकललं, तरी वाळू तीच.

फौंड्रीला ठेक्यावरची माणसं कमी करायची होती. ठेक्यावरच्या माणसाला कागद देत नाहीत, तोंडानं सांगतात. ते सुपरवायझरांनी कसं सांगायचं, हे शिकवायला अण्णा.

आदल्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यानं माझ्यावरच तालीम केली. "तू मोल्डर हो," म्हणाला.

"झाले."

"उद्यापासून तुम्हाला काम नाही. कंपनीनं असं..."

"मी येणारच. बघू कोण अडवतंय. आणि एकटी येणार न्हाय!"

आई तव्यासमोरून म्हणाली, "हिला कामगार करू नको रं. मालक कर, मग गप बसंल."

अण्णा हसला. "तुझ्यासारखी एक जरी निघाली तर माझा धंदा बसला म्हणून समज."

मला हसू येईना. "जाऊ नकोस," म्हटलं.

"मी न्हाय गेलो तर काढायची थांबणार हाईत व्हय? निदान नीट सांगतील तरी."

या 'निदान'च्या जोरावर या देशात काय काय चालतं! 

तिथं काय झालं ते अण्णानंच नंतर सांगितलं. सुपरवायझर सगळे आसपासचे, हिंडलग्याचे, उचगावचे. अण्णा स्वतः कामगार होऊन खुर्चीवर बसायचा आणि एकेकाला पुढं बोलवायचा. पहिल्यानं सुरुवात केली, "जेवलासा काय?" दुसऱ्यानं विचारलं, "थोरलीचं कुठं जमलं काय?" मुद्द्यावर कुणीच येईना. शेवटी एक जण उठून म्हणाला, "साहेब, ज्यास्नी सांगायचं, सांजचं मी त्यांच्याच बांधावरनं घरला जातो. त्यांच्या शेतातली रताळी माझ्या घरात पडल्यात. येऊ नका असं कुठल्या तोंडानं सांगू?"

आमच्याकडं दारातल्या माणसाला 'येऊ नका' म्हणत नाहीत. भांडण झालेल्यालाही 'या' म्हणूनच वाटेला लावतात. बंगळूरात अण्णानं कुणाला सूट दिली नसती. टाय घातलेले लोक अडखळले की तो पुन्हा पहिल्या वाक्यावर आणायचा. इथं त्याला त्यांची दया आली. आपलीच माणसं. त्यानं त्यांना एक वाक्य दिलं, "सध्या थोडे दिवस घरीच ऱ्हावा, बोलावतो." सगळ्यांचे चेहरे सैल झाले म्हणे.

माणसं कमी केली तो दिवस शांततेत गेला. घोषणा नाही, झेंडा नाही. मालक खूश. अण्णाच्या पुढच्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आलं. सीमेवरच्या एका गावात इतकी माणसं कमी झाली, पण माणुसकीनं सांगितल्यामुळं गेटवर एकही आवाज चढला नाही. हे उदाहरण तो मोठमोठ्या सभागृहांतून सांगायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

आवाज चढला नाही, कारण काढून टाकलंय हे कुणाला कळलंच नाही! हळूहळू कळलं, ज्याला त्याला आपापल्या घरात. असं एकेकट्याला कळलं की माणूस ओरडत नाही. कुणाच्या नावानं ओरडणार?

मामांना तर तसंही कळलं नाही. दर सोमवारी दाढी करून, डबा घेऊन ते गेटवर जायचे. वॉचमन म्हणायचा, "अजून न्हाय मामा. बोलावतील की." डबा तसाच परत यायचा.

मी या काढलेल्या माणसांवरच्या पत्रकाचा मसुदा घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. "यात माझं नाव घालू नको गं बाय. मला अजून काढल्यालं न्हाय."

मामी आतून म्हणाल्या, "निपाणीच्या साडूनं बोलावलंय यास्नी. तिकडं फौंड्रीत मोल्डर पायजे, ऱ्हायला खोली देत्यात. जाईनात!"

"मी तिकडं गेलो आणि इकडनं बोलावणं आलं म्हंजे? गैरहजर दिसलो तर नाव कापतील. इतक्या वर्षांचं नाव हाय माझं."

काढलंच आहे, बोलावणं येणार नाही, असं मी सांगून बघितलं. मामा हसले. "तू पत्रकवाली. तुला सगळीकडं वाईटच दिसतंय."

मी तशीच घरी आले. अण्णा रविवारचा आलेला होता, लॅपटॉप मांडून बसलेला.

"मामा अजून सोमवारचे गेटवर जातात," मी म्हटलं.

"कशाला?"

"तू बोलावतो म्हणायला शिकवलंस म्हणून."

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "मामा त्यात होते?"

यादी त्यानं मागितलीच नव्हती. त्याच्या धंद्यात नावं विचारत नाहीत. सांगायचं कसं एवढंच विचारतात. कुणाला, ते कंपनी बघते.

तो उठला आणि चप्पल न घालताच शेजारी गेला. मागोमाग मी. मामींनी चहा ठेवला. अण्णा मामांच्या शेजारी बसला, कार्यक्रमात दाखवतो तसाच, आणि म्हणाला, "मामा, तुमास्नी कामावरनं काढलंय. परत घेणार न्हाईत."

मामी कप धरून तशाच उभ्या राहिल्या.

"तुला कुणी सांगितलं?" मामा म्हणाले.

"थोडे दिवस घरी ऱ्हावा, हे वाक्य मीच दिलतं त्यांना. त्यांच्या तोंडातनं न्हाय म्हणून निघत नव्हतं."

मामांनी गुडघ्यावरची लुंगी सारखी केली. "तवाच सांगितलं असतं तर मी भांडलो असतो," म्हणाले.

"व्हय."

"शिव्या दिल्या असत्या. त्या सुपरवायझरला, तुलापण. भांडून मोकळा झालो असतो. मग निपाणीला गेलो असतो."

त्यांनी आमच्यासमोरच साडूला फोन लावला. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "आता व्हय दाजी? किती येळा सांगितलं तुमास्नी! ती जागा भरली. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलंय."

"बरं," मामा म्हणाले आणि फोन जमिनीवर ठेवला.

"मी बघतो मामा, माझ्या लई ओळखी हाईत," अण्णा म्हणाला.

"तुझ्या ओळखी मालकांच्या. ते माझ्या वयाचा मोल्डर घेतील व्हय रं?"

 आम्ही उठलो. आलेल्याला पायरीपर्यंत सोडायला येण्याची मामांची सवय. त्या दिवशी ते बसून राहिले. मी वळून बघितलं नाही.

अण्णा आता ते उदाहरण सांगत नाही म्हणतो. खरं असेल. पण पुस्तक सांगतंच आहे. प्रकाशकाला त्यानं ते प्रकरण काढायला सांगितलं तेव्हा उत्तर आलं, लोक तेवढं एकच तर लक्षात ठेवतात.

मी पत्रक काढलं. मामांचं नाव घातलं नाही. सकाळच्या पाळीला गेटवर उभी राहून वाटलं. आत जाणाऱ्यांनी घेतलं, काहींनी चालता चालता वाचलंही आणि घडी करून खिशात घातलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यातलं कुणी तिथं नव्हतं. ते आपापल्या घरी होते.