न पुसलेली भिंत

माझी मावशी लाँड्रीत डाग काढते. धुणारे वेगळे, इस्त्रीवाले वेगळे. हिच्या टेबलावर येतात ते फक्त हट्टी डाग. शाई, गंज, तेल, लहान मुलांचे पराक्रम. कपडा उजेडात धरायचा, डागाची कड बघायची आणि कडेकडून आत घासत जायचं, म्हणजे डाग पसरत नाही. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे डाग दिसला की तिचा हात आपोआप तिकडे जातो. आमच्याकडे आली की माझ्या नवऱ्याच्या कॉलरकडे बघत बसते. ती येणार म्हटलं की तो बिचारा शर्टच बदलतो.

अशा बाईच्या घराला ओल यावी, याला काय म्हणावं!

ओल आली ती नेमकी काकांच्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या, खोलीत. वरच्या बिऱ्हाडाच्या बाथरूमचा पाइप भिंतीतून खाली येत होता, तो झिरपत होता. आधी रंगाचे पोपडे सुटले, मग काळी बुरशी धरली. काकांना दमा जुनाच, पण आता दोन वाक्यं बोलली की ते थांबायचे आणि आपण उगाच खिडकीबाहेर बघायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "यांना त्या घरातून बाहेर काढा. मी औषधं देत राहायची आणि भिंतीने बुरशी, असं किती दिवस चालणार?"

सांगणं सोपं होतं. भाड्याच्या घराचा करार संपायला अजून बराच अवकाश होता. मध्येच सोडलं तर अनामत बुडणार आणि त्या पैशांशिवाय दुसरं घर मिळणार नाही. घर राहण्याजोगं नाही हे मालकाने स्वतः बघून मान्य केलं, तरच सुटका. घोडं अडलं होतं ते तिथेच.

मालकाचं नाव काकांनी उद्याभाऊ ठेवलं होतं. फोन केला की, "उद्या प्लंबर पाठवतो." पुन्हा केला की, "उद्या मीच येतो." फोटो पाठवले, तर म्हणाला, "फोटोत कुठे काय दिसतंय?" मला संताप आला. मावशीने काय पाठवलंय म्हणून मी तिचा फोन बघितला. फोटोत खरंच काही दिसत नव्हतं. रंग थोडा उडालेली, लख्ख पुसलेली भिंत.

"परक्या माणसाला घराचा फोटो पाठवायचा," मावशी म्हणाली, "म्हणून जरा हात फिरवला."

मी कपाळावर हात मारला. पण खरा धक्का पुढेच होता. बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर उद्याभाऊ एकदाचा येणार होता, म्हणून मी थोडी आधीच पोचले. काका बाहेर जिन्यात बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं. आत मावशी स्टुलावर चढून भिंत घासत होती. ब्लीचच्या वासाने माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, काय करतेस तू हे?"

"माणूस घरी येतोय. त्याला हे असलं दाखवू?"

तेवढ्यात तो आलाच. ओल्या भिंतीकडे बघून म्हणाला, "घर तर चकाचक आहे, ताई. उगाच घाबरता." आणि गेला. त्याच संध्याकाळी काकांना दवाखान्यात न्यावं लागलं. नाकातोंडावर वाफेचा मास्क लावून ते पडले होते आणि मावशी बाहेरच्या बाकावर आपल्या हातांकडे बघत बसली होती. हातांना अजून ब्लीचचा वास होता.

घरी आल्यावर आम्ही काकांची खाट स्वयंपाकघरात हलवली. फोडणीच्या ठसक्याने त्रास नको म्हणून डबा माझ्याकडून जायला लागला. त्या खोलीचं दार बंद केलं आणि मी मावशीला बजावलं, मालक येईपर्यंत भिंतीला बोट लावायचं नाही.

मग सुरू झाली त्याची उद्या-उद्या. इकडे भिंत काळी होत चालली, तिकडे काकांचा दमा वाढत चालला. दाराच्या फटीतून वास येतोच. माझा जीव टांगणीला लागला होता. आपण शहाणपणा करायला जातोय आणि माणूस हातचा जाईल, हीच भीती सारखी मनात. मावशीचा फोन यायचा.

"थोडीशी पुसू का? खालची तेवढी?"

"नाही."

"अगं, जमिनीपर्यंत आलीय."

"येऊ दे."

मग ती फोन ठेवायची.

शेवटी तो आला. मावशीने दार उघडलं आणि बाजूला झाली. खोली बघून उद्याभाऊ दोन पावलं मागे सरकला. मग मावशीकडे वळून म्हणाला, "घर असं ठेवतात होय? बाईमाणूस घरात असून?"

जन्मभर जे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून ती झिजली, ते त्याने तिच्या तोंडावर फेकलं. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर फडकं आणायला पळणार.

"डाग काढण्यावरच माझं पोट आहे," ती म्हणाली. "तुमची भिंत मी रोज घासली, म्हणून तुम्हाला दिसली नाही. आता नाही घासली. हात लावून बघा."

त्याने बोट लावलं. गिलावा ओल्या पिठासारखा खचून बोट आत गेलं. स्वयंपाकघरातून काकांच्या खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना. तो ती संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

"सोडा तुम्ही घर," तो हळूच म्हणाला. "अनामत देतो. उद्या लिहून..."

"उद्या नाही," मी म्हटलं. "आत्ता."

त्याने लिहून दिलं.

सामान हललं त्या दिवशी मावशीने सगळं घर घासलं. काचा, नळ, ओटा, दाराच्या कड्यासुद्धा. काका खाली गाडीत बसले होते. किल्ली द्यायच्या आधी मी त्या खोलीत डोकावले. भिंत होती तशीच काळी.

"आता पुसलीस तरी चालेल गं," मी म्हटलं. "आपलं काम झालं ना."

तिने भिंतीकडे बघितलं. हातातल्या फडक्याची तिने नकळत घडी घातली होती.

"आपलं झालं," ती म्हणाली. "पण आता दुसरं कुणीतरी घर बघायला येईल."

तिने फडकं पिशवीत टाकलं आणि खोलीचं दार सताड उघडं ठेवून बाहेर आली.