डॉक्टरला हवं असलेलं उत्तर

"गर्लफ्रेंड आहे का तुला?"

"न्हाय, सर."

"मग कशावरून तू मुलगा?"

उमरग्याचा दवाखाना. दार सताड उघडं. फायलीवरचं माझं पोरीचं नाव डॉक्टरनं मोठ्यानं वाचलं. आडनावाशी थांबला. "बौद्ध ना? तुमच्यात चालत असेल हे सगळं."

हार्मोनची इंजेक्शनं सुरू करायला मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी लागती, अन् ती ह्याच्या हातात होती.

बाहेर, गेटजवळच्या बाकड्यावर सुमित बसलेला. मुरूमच्या कॉलेजात तो थर्ड इयरला, मी सेकंडला. तोही माझ्यासारखाच, पोरगी म्हणून जन्मलेला पोरगा. कॉलेजच्या लेखी आमी दोघी मैत्रिणी. खरं म्हणजे आमचा एकमेकांवर जीव. गेल्या वर्षी ह्याच डॉक्टरला त्यानं एक खोटी पोरगी सांगितली अन् चिठ्ठी घेतली. येताना एसटीत मला पढवलं, "पोरीचं नाव कविता सांग. लांब केसाची. काय पण सांग, माझं नाव तेवढं काढू नगं." म्या मान हलवली होती.

"पोरी आवडतात ना पण?" डॉक्टर पेन उघडून बसला.

कविता ओठावर आली. वाटलं, हिचं नाव घेतलं की कागदावर मी पोरगा होईन, अन् सुमित माझा कुणीच न्हाय.

"मला पोरगा आवडतो."

डॉक्टर हसला. सिस्टरला हाक मारली. "ऐकलं का? हिला पोरगाच आवडतो. अगं, मग अडचण काय? केस वाढव. आई स्थळ बघेल."

सिस्टर भिंतीकडं तोंड करून हसली. तरी बोललो.

"सर, तुम्हाला बाई आवडती म्हणून तुम्ही पुरुष झालात का?"

पेन बंद. "बाहेर हो."

सुमितला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "एक खोटं बोलायचं होतं फक्त. एकाच कॉलेजचे आपण. आता माझी फाईल काढली तर? इंजेक्शन बंद केलं तर?"

"तुझं नाव घेतलं न्हाय म्या."

परतीला तो दुसऱ्या सीटवर बसला. आठ दिवस बोलला न्हाय. त्याची भीती खरी हाय. त्याला बोल लावत न्हाय मी.

चिठ्ठी न्हायच मिळाली. सोलापूरला जाईन. तिथं न्हाय तर हैदराबादला. मी पोरगा हाय अन् मला पोरगा आवडतो, ही दोन्ही वाक्यं सांगीन. एक घ्या, एक सोडा म्हणणाऱ्याच्या दारातनं उठून येईन.